उजव्या खांद्याचा कौल

विक्रम बिर्जे आयुष्यात एकदाच ठामपणे बोलला होता, आणि तेही फोनवर. गेल्या महिन्यात थायलंडमधल्या एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत, बायकोचे मोजे मशीनमध्ये फिरत असताना, त्यानं आईला सांगून टाकलं होतं की हे शेवटचं वर्ष. सोना आता खेळायची थांबणार, आपण दोघं बेळगावात येऊन राहणार, आणि गावाकडच्या खळ्याच्या जागेत टेनिसची अकॅडमी काढणार. आईला इतका आनंद झाला की फोन ठेवायच्या आधीच तिनं रडायला सुरुवात केली. या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली होती. सोनाला अजून कुणी विचारलं नव्हतं.

राहून गेली म्हणणं म्हणजे विक्रमवर उपकारच. रोज सकाळी दाढी करताना तो ठरवायचा, आज बोलायचं. मग कधी तिची मॅच असायची, कधी खांद्याला बर्फ लावायची वेळ व्हायची, कधी ती जिंकली म्हणून तोंड उघडायचं नाही आणि कधी हरली म्हणून. असं करत करत बंगळूरची स्पर्धा संपली, आठवड्याची सुट्टी मिळाली, आणि दोघं बेळगावात खासबागेतल्या घरी येऊन पोचलेसुद्धा. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनेच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "लई बरं केलंस बाई." सोनानं वाकून नमस्कार केला. बंगळूरला उपांत्य फेरी गाठली त्याचं हे कौतुक, असं तिला वाटलं, आणि विक्रमनं ते तसंच वाटू दिलं.

तिचं खरं नाव हान सोयॉन. लग्न होऊन आली त्या दिवशी मनुबाईंनी, म्हणजे विक्रमच्या आईनं, ते नाव तोंडात दोनदा घोळवलं आणि तिसऱ्यांदा 'सोना' म्हणून बाहेर काढलं. सुनेला नाव आवडलं. शहापूरच्या एका शिंप्याकडून तिनं ते रॅकेटच्या बॅगेवर कोरियन अक्षरांच्या खाली देवनागरीत शिवूनही घेतलं. परदेशातल्या हॉटेलांतले आपले वेटर ते वाचायचे आणि तिला भात जास्त वाढायचे.

माघात सुगी सरली की बिर्ज्यांची सगळी भावकी खानापूर रस्त्यावरच्या गावी रवळनाथाला जमते. एरवी वर्षभर एकमेकांची तोंडं चुकवणारी माणसं त्या दिवशी एका पंगतीला बसतात आणि जेवण झाल्यावर पुन्हा तोंडं फिरवतात. या वर्षी गर्दी जास्त होती, कारण जोतिबा आप्पा कौल लावणार होते. आप्पा म्हणजे विक्रमचे थोरले चुलते, घरातले सगळ्यात वडील. बिर्ज्यांच्या सामायिक जागेत देवाला विचारल्याशिवाय कुदळ पडायची नाही, हा त्यांचा दंडक. सून खेळ सोडून आली तर अकॅडमी, आणि अकॅडमी होणार असेल तर जागा. म्हणजे देवाला विचारायचं ते सुनेच्या खेळाबद्दलच, असं त्यांचं साधं गणित होतं.

आपल्याकडं एकदा देवाला विचारलं की माणसाला विचारावं लागत नाही. ही सोय विक्रमला मनापासून पटली होती. देवानं उजवा कौल दिला की सोनाला सांगता येईल, मी काय करणार, वरूनच आलंय.

सकाळी आप्पांच्या सोप्यात माणसं जमली तेव्हा आप्पा सुनेची कारकीर्द सांगत होते. विक्रम खांबाला टेकून ऐकत होता आणि मनातल्या मनात चुका दुरुस्त करत होता.

"तिकडं कोरियात हिला नगरपालिकेत नोकरी हुती," आप्पा म्हणाले. "काम काय, तर टेनिस खेळायचं. ऱ्हायला जागा, खायला घालायचं, वर पगार."

"पर्मनंट?" तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या मारुतीरावांनी विचारलं.

"पर्मनंट."

"आन सोडली?"

सोप्यातले सगळे मयताच्या घरी बसतात तसे बसून राहिले.

खरी हकीकत आप्पांना माहीत होती त्याहून वाईट होती. कोरियात शहरांचे आपले आपले टेनिसचे संघ असतात आणि खेळाडू त्यांच्या पगारावर असतात. सोना एकविसाव्या वर्षी अशा एका संघात लागली. कुठल्या स्पर्धेला जायचं, कुणाबरोबर जोडी करायची, केस किती कापायचे, सगळं तिथले गुरुजी ठरवत. तिनं परदेशात खेळायला सोडा म्हणून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा राष्ट्रीय स्पर्धा होऊ दे, मग बघू, असं उत्तर आलं. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही, राजीनामा दिला. तिचा बाप वर्षभर तिच्याशी बोलला नाही. ती एकटी एक बॅग घेऊन उझबेकिस्तानपासून फिलिपाइन्सपर्यंत हिंडली, जिथं प्रेक्षकांपेक्षा कुत्री जास्त असतात अशा कोर्टांवर खेळली, आणि तशीच वर चढत जगात एकशे एकसष्टाव्या नंबरवर गेली.

मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेत पात्रतेच्या शेवटच्या फेरीत तिला मॅच पॉइंट मिळाला होता. एक गुण, आणि मुख्य स्पर्धेत नाव. तिनं बॅकहँड सरळ रेषेत मारला आणि तो बोटभर बाहेर गेला. मग ती हरली. विक्रमनं तो चेंडू मधोमध टाकला असता. मधोमध टाकून टाकूनच तो स्वतः खेळायचा तेव्हा जगात चौदाशेच्या आत कधी आला नव्हता. सोना आजही म्हणते, मारायचा होता तो फटका तोच होता. त्यानंतर खांद्याचं ऑपरेशन झालं, नंबर पुसला गेला, आणि बत्तिसाव्या वर्षी तिनं पुन्हा कुत्र्यांच्या कोर्टांवरून सुरुवात केली. आता चौतिसाव्या वर्षी ती दोनशे चाळिसाच्या आसपास होती.

विक्रमची तिच्याशी गाठ पडली ती या दोन चढणींच्या मध्ये. तो एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून परतीच्या गाडीची वाट बघत होता आणि तिला सरावाला कुणीतरी हवं होतं. गावी तो स्वतःला कोच म्हणवायचा. स्पर्धेच्या ओळखपत्रावर 'सरावाचा जोडीदार' असं असायचं. खरं काम म्हणजे रॅकेटला तारा ओढणं, बर्फ मिळवणं, बसची तिकिटं काढणं आणि मोजे धुणं. त्याचे वडील बेळगावच्या कॅम्पातल्या क्लबात मार्कर होते, साहेबांना चेंडू परत मारून द्यायचे. घराण्याची परंपरा विक्रमनं इमानेइतबारे सातासमुद्रापार नेली होती.

सोप्यात आता अकॅडमीच्या बोर्डाची चर्चा निघाली. वर कन्नड मोठं येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. खाली मराठी किती मोठं, यावर दोन मतं होती. 'जोतिबा बिर्जे टेनिस अकॅडमी' या नावावर मात्र आप्पांचं एकमत होतं.

"पण आप्पा, असं कसं चालंल?" रचना वैनी एकदम म्हणाल्या. "तिचं करिअर हाय. पुरुष असता तर थांब म्हटलं असतं काय आपण?"

सगळ्यांनी वळून बघितलं. रचना वैनी आप्पांची सून, बेळगावात कॉलेजात शिकवायच्या. दिवाळीपर्यंत त्या टेनिसला 'ते जाळीवरनं मारायचं' म्हणत होत्या. पण त्यांचे यजमान महादेव यांना खळ्याच्या त्याच जागेत मंगल कार्यालय काढायचं होतं. महिना झाला, वैनींना टेनिसचा फार कळवळा आला होता. बंगळूरचा निकाल विक्रमच्या आधी त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता. महादेव खाली बघून मान हलवत बसले होते. बायको बोलते तेव्हा तो माणूस तेवढंच करतो.

"खांदा गेल्यावर करिअर घिऊन काय करायचं?" मनुबाई म्हणाल्या. "रोज बर्फ लावत्या पोरगी. मला बघवत न्हाय."

"खांद्याचं ती बघंल, काकू. तिला कळतंय."

"मग तुझ्या नवऱ्याला सांग, हॉल दुसरीकडं बांध."

मारुतीरावांनी हसू लपवायला तपकिरीची डबी काढली. आप्पा उठले आणि म्हणाले, वाद कशाला, देव हाय की. विक्रमला वाटलं, आता तरी जाऊन सोनाशी बोलावं. तो खळ्याकडं निघाला.

सोना खळ्यावर होती. मधल्या मेढीच्या खांबाला रबरी पट्टा बांधून ती उजवा हात सावकाश आत-बाहेर ओढत होती. ऑपरेशननंतर तिनं हा व्यायाम एकही दिवस चुकवला नव्हता. ताप आला तरी नाही आणि लग्नाच्या दिवशीही नाही. लग्नाच्या दिवशी तर हळद लागलेल्या हातानंच केला होता. अंगावर मनुबाईंनी शहापुरातून आणलेली साडी होती आणि पायात खेळायचे बूट. पायानं ती खळ्याची माती चाचपत होती.

दोघांची बोलायची भाषा इंग्रजी, पण कुणा इंग्रजाला ती कळली नसती. क्रियापदं कोरियन बेतानं शेवटी यायची, अव्ययं बेळगावची असायची, आणि भांडण झालं की दोघंही आपापल्या भाषेत जायचे, म्हणून भांडणं लवकर मिटायची.

माती चांगली आहे, ती म्हणाली. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेतही अशीच लाल माती असते. मग पट्टा सोडून तिनं बातमी सांगितली. पुढच्या तिन्ही स्पर्धांत तिला थेट प्रवेश मिळाला होता. त्यात दोन-दोन फेऱ्या जिंकल्या तरी पॅरिसच्या पात्रतेत नाव लागणार होतं. हे सांगताना ती पदरानं मान पुसत होती आणि हसत होती. तिचं हसू फार कमी बघायला मिळायचं, आणि विक्रमला ते अजूनही बघत राहावंसं वाटायचं. त्यामुळे त्याचं बोलणं पुन्हा राहिलं.

"खांदा?" त्यानं एवढंच विचारलं.

"खांदा खांद्यासारखा आहे."

मग त्यानं सांगितलं की आज देवळात थोडा विधी आहे. कशाचा, तिनं विचारलं. तुझ्या खांद्यासाठीच, तो म्हणाला. ती खूश झाली. तिची आजी डोंगरातल्या देवळात मेणबत्त्या लावायची, तसंच काहीतरी हे, असं म्हणत ती त्याच्याबरोबर निघाली. विक्रमनं स्वतःची समजूत घातली की हे अगदीच खोटं नाही, खांदा यात येतोच. असं स्वतःला समजावण्यात मात्र त्याचा नंबर जगात बराच वरचा लागला असता.

देवळात रवळू गुरवानं देवाला पाणी घातलं होतं आणि काळा पाषाण ओला चकचकत होता. कौल लावायची पद्धत अशी, की देवाच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नारळ ज्याच्या हातात, कौल त्याच्या नावाचा. रवळूनं सोनाच्या हातात नारळ दिला. तिनं तो सर्व्हिसच्या आधी चेंडू धरतात तसा बोटांवर तोलून धरला, आणि मग बाकीच्यांचं बघून दोन्ही हातांत घेतला.

आप्पांनी फेटा सारखा केला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा रवळनाथा म्हाराजा. आज बिर्ज्यांची लेकरं तुझ्या पायाला आल्यात. चुकलं माकलं पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," भावकी म्हणाली.

"परमुलखातनं सून आली, तुझी लेक झाली. तिच्या हाताला तू यश दिलंस."

"व्हय म्हाराजा."

"तर तिनं आता ह्यो खेळ थांबवावा आन घरला यावं, असं आमच्या मनात हाय. तुझ्या मनात असंल तर उजवा दे."

विक्रमनं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. सगळ्यांच्या आवाजात आपला कशाला वेगळा ऐकू जातोय, असं त्याला वाटलं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. रवळूला लवकर घरी जायचं असलं की तो पाणी कमी लावतो असं गावात म्हणतात, पण आज त्याला घाई दिसत नव्हती. माणसं टक लावून देवाच्या खांद्यांकडं बघत उभी होती.

"काय विचारलं?" सोनानं हळूच विचारलं.

"तुझ्या खांद्याचं."

तिनं देवाच्या खांद्यांवरच्या पाकळ्यांकडं बघितलं आणि मान हलवली. देवालासुद्धा खांद्याचं काम लावलंय याचं तिला हसू येत असावं. तेवढ्यात तिच्या पलीकडं उभ्या असलेल्या रचना वैनी पुढं झुकल्या आणि कॉलेजात वापरतात त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "तू खेळ सोडावास का, असं विचारतायत. उजवी पडली तर सोडायचा."

सोना जागची हलली नाही. नारळ घट्ट धरून तिनं विक्रमकडं बघितलं. मॅचमध्ये चेंडूच्या खुणेवरून वाद झाला की ती ओरडत नाही, त्या खुणेपाशी जाऊन नुसती उभी राहते. तशीच आता ती त्याच्यासमोर उभी होती.

"यांना कुणी सांगितलं, मी सोडणार म्हणून?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. नाहीतर विक्रमनं ती शोधली असती. "मी," तो म्हणाला.

"कधी?"

"थायलंडमध्ये."

"मी फायनल जिंकले त्या दिवशी?"

त्यानं मान खाली घातली. तोच दिवस होता. तिचे फायनलचेच मोजे मशीनमध्ये होते. खांद्यासाठी म्हणत होतो, असं तो पुटपुटला. तुला त्रास होतो, मला बघवत नाही.

"खांदा माझा आहे. मला माहिती आहे तो किती दुखतो," ती म्हणाली. तिचा आवाज वर गेला नव्हता, आणि त्यामुळेच देवळातली सगळी माणसं, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं तीसुद्धा, कान देऊन ऐकत होती. "तू शेवटचा गेम बघत नाहीस, विक्रम. दोन वर्षं झाली. मी सर्व्हिसला उभी राहते, वर बघते, आणि तू पाणी आणायला गेलेला असतोस. मी कधी बोलले नाही. मला वाटलं, भीती वाटत असेल, जाईल. तुला थांबायचंय. मला नाही."

विक्रमला वाटलं, कुणीतरी सगळ्या भावकीसमोर आपलं धोतर सोडलं, आणि त्यानं तर धोतर कधी नेसलंही नव्हतं. पण ती म्हणाली ते अक्षर न् अक्षर खरं होतं. तो दमला होता. विमानतळांना दमला होता, पण त्याहून जास्त तिच्या हरण्याला. ती हरली की रात्री जेवून झोपायची आणि सकाळी पट्टा बांधायची. तो मात्र पुढचे चार दिवस हरत राहायचा. हे बायकोला सांगायला लाज वाटली, म्हणून त्यानं तिचाच खांदा पुढं केला होता, आणि त्या खांद्यामागं देवाला उभं केलं होतं.

सोना वळली. तिनं नारळ विक्रमच्या हातात दिला आणि आप्पांकडं बघून मराठीत बोलली. तिचं चार वाक्यांचं मराठी सगळं सासूकडून आलेलं होतं.

"आप्पा, माझं न्हाय. ह्याचं इचारा."

आप्पांच्या उभ्या हयातीत कौल लावलेला असताना मध्येच कुणी नारळ फिरवला नव्हता. त्यांनी रवळूकडं बघितलं, रवळूनं मारुतीरावांकडं, आणि मारुतीरावांनी सवयीनं नियम आठवायचा प्रयत्न केला. शेवटी मनुबाई पुढं आल्या.

"आप्पा, तिला इचारलंच न्हवतं की कुणी," त्या म्हणाल्या. "ह्यानं सांगितलं आन मी नाचलो. मीबी न्हाय इचारलं. देवाला कशाला कोड्यात पाडायचं?"

आईनं असं चारचौघांत पक्ष बदलावा याचं विक्रमला वाईट वाटलं, आणि तिचं बरोबर आहे याचं त्याहून जास्त. रवळूनं घसा खाकरला. पाकळी हलली न्हाय म्हंजे देवानं अजून मनावर घेतलं न्हाय, असा निवाडा त्यानं दिला. त्यानं दोन्ही पाकळ्या काढल्या, देवावर पुन्हा पाणी घातलं आणि नव्या पाकळ्या लावल्या. आप्पांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पण या वेळी आवाजात मघाची रग नव्हती. बा रवळनाथा, ह्या विक्रमनं आता फिरायचं थांबवून गावात ऱ्हावं काय, म्हाराजा.

आणि नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या विक्रमच्या लक्षात आलं की तो डाव्या पाकळीची वाट बघतोय. महिनाभर जे मागत होता ते नको, असं तो मनातून देवाला विनवत होता. डावी पडली तर सोमवारी बॅगा उचलायच्या, बर्फ शोधायचा आणि या वेळी शेवटचा गेम बघायचा, नक्की बघायचा. अजून एक संधी दे, असं तो म्हणतो न म्हणतो तोच उजवी पाकळी टपकन खाली आली. लोकांना श्वास धरायलाही वेळ मिळाला नाही.

देवळात एकदम गलका झाला. आप्पांनी विक्रमची पाठ थोपटली. मारुतीराव म्हणाले, इतका लख्ख कौल गेल्या कित्येक वर्षांत बघितला न्हवता. रचना वैनी नवऱ्याकडं बघत होत्या आणि महादेव आपल्या पायांकडं. जागा अकॅडमीकडं गेली हे दोघांनाही कळलं होतं. मनुबाई रडत होत्या, पण लेकाच्या गळ्यात पडून नाही. त्यांनी सुनेचा हात धरून ठेवला होता.

सगळे पंगतीकडं निघाले तेव्हा सोना पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. विक्रम तिच्या शेजारी जाऊन बसला. त्यानं पुढच्या स्पर्धेच्या हॉटेलचं विचारलं.

"बुकिंग माझं मी करीन," ती म्हणाली. "लग्नाआधी करत होतेच की."

"सरावाला कोण?"

"कुणीतरी पहिल्या फेरीत हरलेला असतोच."

त्याला हसू आलं. तिनं नाडीची गाठ ओढली, मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तळहात नेहमीसारखा खरखरीत होता. रागावलीस का, असं त्यानं विचारलं. रागावले, ती म्हणाली, आणि तो राग विमानात बसेपर्यंत राहील असंही तिनं सांगितलं. मग खळ्याकडं हात करून ती म्हणाली की कोर्ट नीट बांध, उताराचं पाणी बाहेर काढ. पॅरिसच्या आधी मला मातीवर सराव लागेल, तेव्हा मी इथं येईन. बोर्डावर काय लिहायचं ते आप्पांचं आप्पा बघतील.

"येशील?"

"माझं घर आहे."

विक्रमनं तिचा हात धरला. सोडवून घेईल असं वाटलं होतं, पण तिनं घेतला नाही. पंगतीतून आप्पांची हाक आली. कौल मिळालेल्या माणसानं आधी बसायचं असतं, ते बोलावत होते. सोना उभी राहिली, साडी झटकली आणि दोन पायऱ्या उतरून थांबली.

"आता सगळ्या मॅच फोनवर दिसतात," ती म्हणाली. "इथं तुला पाणी आणायला जायचं कारण नाही. शेवटपर्यंत बघ."

"हरलीस तरी?"

"हरले तर जास्त बघ."

"बघीन," विक्रम म्हणाला.